स्पंजाचे कापलेले कोपरे

तीर्थस्वरूप अक्कास,

गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढं वाकून धाकटीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण मग उठवायला कोणाला तरी हाक मारावी लागली असती, आणि या घरात हल्ली मी हाक मारली की आधी एकमेकांकडे बघतात, मग येतात.) तुझी कंबर कशी आहे? पट्टा लावतेस, की कपाटात टांगून त्याचीच कंबर सांभाळते आहेस? माझा मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणे. एखादं फळ असतं तर एव्हाना पिकून, नासून, फेकूनही झालं असतं. बाकी प्रकृती ठीक आहे. ती ठीक आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

पत्र लिहिण्याचं कारण स्पंज. हसू नकोस. भांडी घासायचा, एका बाजूने मऊ आणि एका बाजूने खरखरीत असतो तो. माझं या घरात राहायचं की नाही, हे आता त्या स्पंजावर येऊन ठेपलं आहे. चिरंजीव आणि सूनबाई मला दुसरीकडे ठेवायचं बघताहेत आणि त्याला कारण म्हणून त्यांनी हा स्पंज पुढे केला आहे. फोनवर हे सांगता येत नाही, कारण मला ऐकू येत नाही म्हणून सूनबाई माझा फोन स्पीकरवर टाकते, आणि मग मी सोडून सगळ्यांना नीट ऐकू येतं. म्हणून हा कागदाचा खटाटोप.

तर मी इथे राहायला आले त्याच दिवशी सूनबाईने मला ओट्यासमोर उभं केलं आणि मोठ्याने, सावकाश समजावलं, की पिवळा स्पंज भांड्यांना, हिरवा शेगडीला आणि ओट्याला, निळा सिंकला, गुलाबी बाथरूमला. (परदेशी पाहुण्याला रस्ता सांगावा तसं. मी आयुष्यभर भांडी काय पायाने घासली होती?) मी मान डोलावली. पण एक तर माझ्या डोळ्यांना त्या पांढऱ्या दिव्याखाली हिरवा आणि निळा एकच दिसतो, आणि दुसरं म्हणजे हिची पाकिटं संपली की ही दुकानातून जे समोर दिसेल ते उचलते. एकदा सगळेच्या सगळे जांभळे आणले. जांभळा कशाला, हे तिच्या कायद्यात कुठेच नव्हतं. आणि घेताना बघते काय, तर पाकिटावरच्या चित्रातली बाई. स्पंज कसा दाबून बघायचा असतो. सोडल्याबरोबर फुगून जागेवर यायला हवा. छिद्रं बारीक हवीत, नाहीतर शितं आत शिरून कुजतात. खरखरीत बाजू नीट चिकटवलेली आहे की नुसती टेकवलेली, ते नखाने उचलून बघावं लागतं. मी दुकानात हे करत होते तर दुकानदार म्हणाला की आजी, भाजी नाही ती, आणि सूनबाई त्याच्याकडे बघून हसली. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

वापरायची तऱ्हा तर विचारूच नकोस. काम झालं की स्पंज साबणाच्या डबक्यात आडवा. अशाने त्याला वास येणार नाही तर काय? मी तो धुऊन, घट्ट पिळून, नळाच्या मागे वारा लागेल असा उभा ठेवायचे. ती आली की पुन्हा आडवा. मी उभा, ती आडवा. तोंडाने आम्ही एकमेकींना एक शब्द बोललो नाही, पण दिवसभर भांडत होतो.

शेवटी मी मुकाट्याने आईची रीत सुरू केली. तुला सांगायला नको, पण लिहायला बरं वाटतं. अख्खा स्पंज भांड्यांना. जुना झाला की एक कोपरा कापायचा, तो शेगडी-ओट्याला. आणखी मळला की दुसरा कोपरा, तो सिंकला. तिसरा कापला की बाथरूमला, आणि चौथा कापायची वेळ आली की सरळ कचऱ्यात. दिवा नको, चष्मा नको. हात फेसात असला तरी बोटांना कळतं की आपण काय धरलं आहे. यात रंगांचं कौतुक कशाला लागतं, सांग.

आता पुढचं ऐक. सूनबाईला एके सकाळी कोपरा गेलेला स्पंज दिसला. मग दुसरा दिसला, त्याचे दोन गेलेले. तिने मला विचारलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तिने विचारलं नाही. तिच्या डोक्यात उंदीर शिरला. मला फक्त एवढंच सांगितलं की घरात उंदीर झाला आहे, तुम्ही घाबरू नका, खोलीत बसा. मी बसले. (खरं सांगायचं तर माझीही पाचावर धारण बसली होती. पलंगावर पाय वर घेऊन बसले होते मी, माझ्याच उंदराला घाबरून.) स्वयंपाकघर रिकामं झालं, डबे हॉलमध्ये आले, कपाटांखाली चिकट कागद पसरले. त्यातल्या एकाला चिरंजीवांची चप्पल चिकटली, ती सोडवताना दुसरी चिकटली, आणि एवढा मोठा साहेब अनवाणी ऑफिसच्या बुटांपर्यंत गेला. मग उंदराचं तोंड लागलं म्हणून उरलेल्या स्पंजांचे जंतू मारायचं ठरलं. मायक्रोवेव्हमध्ये स्पंज गरम करतात असं चिरंजीवांनी कुठेतरी वाचलं होतं. तो आधी ओला करायचा असतो, हे त्यांनी वाचलं नव्हतं. कोरडाच ठेवला आणि बटण दाबून फोनवर बोलत बसले. धूर झाला, पडदा काळा झाला, शेजारचे बादल्या घेऊन आले. अक्का, या कर्तबगारीसाठी त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, हे लक्षात ठेव.

मग उंदीरवाला आला. गळ्यात पिचकारी, तोंडाला फडकं, आणि चेहऱ्यावर असा भाव की पोलिसांनी बाजूला व्हावं. सूनबाईने पुरावा म्हणून कापलेला स्पंज त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला आणि सांगितलं की मोठा आहे, दात तीक्ष्ण आहेत, आणि शिस्तीचा आहे, एका वेळी एकच कोपरा खातो. उंदराचा पुरावा म्हणजे माझाच स्पंज, हे मला माझ्या खोलीच्या दारातून तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी बाहेर आले आणि म्हणाले की हे मी कात्रीने कापले आहेत. मला वाटलं होतं सगळे हसतील, उंदीरवाला ओशाळेल, प्रकरण मिटेल.

कोणी हसलं नाही. चिरंजीव माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आई, तू स्पंज कापतेस?"

"हो. तुझी आजीसुद्धा कापायची."

"बरं, बरं," तो म्हणाला.

अक्का, त्याने मला 'मूर्ख आहेस' म्हटलं असतं तर मी दोन ठेवून दिल्या असत्या. पण ते 'बरं, बरं' ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच विझली. लहानपणी हा तापात बरळायचा तेव्हा मी त्याला असंच म्हणायचे. उंदराच्या दातांवर या माणसांचा विश्वास बसला, माझ्या कात्रीवर बसला नाही.

दोन दिवसांत डॉक्टर. त्याने मला आजचा वार विचारला, तो सांगितला. कागदावर घड्याळ काढायला लावलं, ते काढलं. (त्याच्या भिंतीवरचं बंद पडलेलं होतं, माझ्या चित्रातले काटे त्याच्यापेक्षा खरे होते.) मग त्याने स्पंजाबद्दल विचारलं. मी पहिल्यापासून सगळं समजावलं, कोपऱ्यासकट. तो ऐकत होता माझं आणि बघत होता चिरंजीवांकडे. औषध काही दिलं नाही. लक्ष ठेवा, एवढंच म्हणाला, आणि तेही मला नाही.

तेव्हापासून कात्री गायब आहे. सुऱ्या वरच्या कपाटात. शेगडीला हात लावायचा नाही, आणि परवापासून सिंकपाशीही उभं राहायचं नाही. मला या घरात एकेक कोपरा कापत खाली आणलं आणि मी ज्या रीतीचा अभिमान धरत होते तीच माझ्यावर वापरली, याचा मला फार राग आला आहे. राग नाही, वाईट वाटलं आहे. काल सूनबाईने एका जागेचे फोटो दाखवले. समोर हिरवळ, खुर्च्या, खुर्च्यांवर माझ्याएवढ्या बायका, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघताहेत. "आई, तिथे तुम्हाला काहीच करावं लागणार नाही," असं ती म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं की हे चांगलं आहे. मी विचारलं की तिथे भांडी कोण घासतं. मशीन घासतं म्हणे.

असो. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या लेकीला आशीर्वाद, जावयांना विचारलं म्हणून सांग.

तुझी, अजून तरी याच पत्त्यावर राहणारी,
धाकटी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. रविवारी सकाळी चिरंजीवांना फोन कर. मला तुझ्याकडे ने असं मी म्हणत नाही, तुझंच तिथे किती चालतं ते मला माहीत आहे. नुसतं बोलता बोलता सांग, की आपल्या आईच्या घरात स्पंजाचे कोपरे कापायचे आणि आपण दोघींनी ते पाहिलं आहे. हे पाहिलेलं आता तुझ्यावाचून कोणी उरलं नाही. तुझा शब्द तो मानतो.

ता. क. दुसरा. चहाच्या पातेल्यात मी स्पंज उकळायचे ते मात्र बोलू नकोस. ते त्यांना अजून माहीत नाही आणि चहा सगळ्यांनी आवडीने प्यायला आहे.

ता. क. तिसरा. फोन करण्याआधी मला दोन ओळी लिही. एक कापलेला स्पंज मी कपड्यांमागे लपवून ठेवला होता, तो तुला पाकिटातून पाठवावा म्हणून आत्ता काढला. त्याचे दोन कोपरे कापलेले आहेत. वर मी दोन कोपरे सिंकला असं बेधडक लिहिलं आहे, लिहिताना खात्रीही होती. पण आता तो हातात घेऊन बसले आहे आणि सिंकचा की बाथरूमचा, ते मला सांगता येत नाही. आईचे दोन कोपरे कशाचे होते गं? त्याला विचारू नकोस. आधी मला कळव, म्हणजे त्याने विचारलं तर आपण दोघी एकच सांगू.