गुलाबी फीत बांधलेले झाड

मी, मर्विन जॉर्ज होल्गेट, वय वर्षे त्र्याऐंशी, काम एकेकाळी लाकूडगिरणीत करवतींना धार लावणे, राहणार नदीकडची गल्ली, टूलमारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. मात्र नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून दुपारी दोन ते चार मी कुठे असतो हे माझे मलाच सांगता येत नाही, म्हणून हा कागद फक्त सकाळी लिहिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळचे फारसे कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. माझे राहते घर आणि बँकेतली शिल्लक टूलमारा सेवा क्लबला द्यावी. माझी पत्नी थेल्मा तेवीस वर्षांपूर्वी गेली, आम्हांला मूलबाळ नाही. घर विकून येईल ते दवाखान्याच्या बससाठी वापरावे. ही बस क्लबने सॉसेज भाजून आणि नाताळचे केक विकून घेतली. दर सोमवारी पहाटे ती मी एकोणीस वर्षे शहरापर्यंत नेली. मागे रुग्ण झोपलेले, बाहेर कुरणांवर धुके, आणि मेंढ्या पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसायच्या. मला वाटायचे, आपण कुठे जातच नाही, रस्ताच आपणहून मागे सरकतो आहे. आयुष्यातला माझा सगळ्यात सुखाचा वेळ तो होता. बसवर माझे नाव रंगवू नये.

२. अंत्यविधीनंतरचे खाणे क्लबने करावे. पावाची एकच चकती, तिरकी दुमडलेली, आत सॉसेज आणि कांदा. कांदा चिरायला आमचे अध्यक्ष हॅरल्ड यांना बसवू नये. ते जाड चिरतात. तीस वर्षे सांगतो आहे, आता मेलेल्या माणसाचे तरी ऐकावे.

३. शेडमध्ये पोत्यांत भरलेली प्लॅस्टिकची नऊशे तेवीस पिवळी बदके क्लबचीच आहेत, माझ्याकडे फक्त राहायला होती. ईस्टरच्या शनिवारी शर्यतीसाठी त्यांना वरच्या पुलावरून नदीत सोडतात, आणि ज्याने ज्या आकड्याचे बदक घेतले असेल तो त्याच्या नावाने काठावरून ओरडत पळतो. सगळा गाव पळतो. दुपारच्या त्या दोन तासांत मला ती बदके येताना दिसतात. आवाज नसतो, माणसे नसतात, नदीभर नुसता पिवळा रंग हलत असतो आणि वळणावर थेल्मा कमरेइतक्या पाण्यात जाळे धरून उभी असते. ती माझ्याकडे बघत नाही, कामात असते. पूर्वी बदके नऊशे चाळीस होती. सतरा पुरात गेली. ती समुद्रापर्यंत पोचली असावीत असे माझे मत आहे, त्यांना हरवलेली म्हणून नोंदवू नये.

४. माझ्या दोन्ही मोटरच्या करवती, कानशी आणि कुऱ्हाड माझा मित्र नेव्हिल टॅपस्कॉट, म्हणजे नेव्ह, याला द्याव्यात. त्याने करवतीला स्वतः धार लावू नये, त्याला ते कधीच जमले नाही. नेव्ह पूर्वी क्लबात होता. आता का नाही, ते पुढच्या कलमात आहे.

५. माझी मेव्हणी, थेल्माची धाकटी बहीण इस्मे पर्डी, हिला शेडमधला ताडपत्रीखालचा ओंडका द्यावा. रेड गम झाडाचा आहे, साधारण मीटरभर लांब, आणि त्यावर एकावर एक आठ खाचा आहेत. तो माझ्याकडे कसा आला हे सांगितल्याशिवाय तिला देता येणार नाही.

दर हिवाळ्यात क्लब एक ट्रेलर भरून जळाऊ लाकडाची सोडत काढतो. शेतकरी आपल्या रानातली वाळलेली झाडे देतात. आम्ही आदल्या आठवड्यात जाऊन त्या झाडांना गुलाबी प्लॅस्टिकची फीत बांधतो. फीत असेल ते पाडायचे, आणि जिवंत झाडाला हात लावायचा नाही, हा क्लबचा नियम. १९९४च्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, इस्मेने नदीकाठच्या रानातली सहा झाडे दिली होती. कापायच्या सकाळी इतके धुके होते की स्वतःचे बूट दिसत नव्हते. पाच झाडे सापडली, सहावे सापडेना. ट्रेलर अर्धा रिकामा आणि दुपारी बाराला सोडत. इतक्यात मला पुढे गुलाबी काहीतरी हलताना दिसले.

मी जवळ गेलो. फीत रेशमी होती, प्लॅस्टिकची नव्हती. वर पाने हिरवी होती. हे दोन्ही मी पाहिले. करवत नेव्हच्या हातात होती.

"मर्व, हे हिरवं दिसतंय रे," तो म्हणाला.

"फीत आहे ना? मग पाड. धुक्यात सगळंच हिरवं दिसतं."

त्याने पाडले. आडवे झाल्यावर मला खाचा दिसल्या. इस्मेची मुलगी लॉर्ना नऊ वर्षांची होऊन गेली. दुसऱ्या वाढदिवसापासून दर वाढदिवसाला तिचा बाप तिला त्या झाडाला टेकून उभी करायचा आणि डोक्याच्या वर एक खाच करायचा. ती गेल्यावर त्याच तारखेला इस्मे तिच्या केसांची एक फीत तिथे बांधायची. वाढदिवस आदल्या दिवशी झाला होता. ते झाड मला माहीत होते, पण मी ते कायम नदीच्या बाजूने पाहिले होते, आणि धुक्यात दिशा राहत नाही. ही सबब नाही. मी रेशीम पाहिले होते.

इस्मे सोडतीच्या वेळी हॉलमध्ये आली. तिने एवढेच विचारले, "कोणी पाडलं?"

"मी," नेव्ह म्हणाला. मी तोंड उघडले नाही.

बाहेर गाडीपाशी तो मला म्हणाला, "थेल्माचं आधीच काही खरं नाही. तिला आत्ता बहीण हवीय. गप्प बस, नंतर बघू."

मी तेव्हा क्लबचा चिटणीस होतो. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मी माझ्या हाताने लिहिले: 'श्री. टॅपस्कॉट यांच्या निष्काळजीपणामुळे'. नेव्हने राजीनामा दिला, तोही मीच वाचून दाखवला. दोन वर्षांनी थेल्मा गेली. 'नंतर' आले, आणि मी काहीच बघितले नाही. पंचवीस वर्षे इस्मे नेव्ह दिसला की रस्ता ओलांडते आणि दर गुरुवारी मला सूप आणून देते. मी ते पितो. मला या गोष्टीची लाज वाटते.

खाचांचा तुकडा मी त्या दिवशी ट्रेलरमधून काढून घेतला. परत द्यायचा होता. पण तू हाच का वेचून ठेवलास, असे तिने विचारले असते. क्लबने ते इतिवृत्त दुरुस्त करावे: 'श्री. होल्गेट यांच्या सांगण्यावरून, त्यांना दिसत असतानाही'.

कलम ४ व ५ बाबत टीप, आजच सकाळी लिहिलेली. कलम पाचमध्ये नेव्हचे नाव येते म्हणून मी त्याला बोलावून सगळे वाचायला दिले. तो चष्मा लावून दोनदा वाचत बसला.

"म्हणजे हे तू मेल्यावर तिला कळणार?"

"हो."

"वा. तू वरती निवांत, आणि इथे तिच्यासमोर मी उभा. पुन्हा मीच." त्याचा आवाज चढला नाही. "पंचवीस वर्षं मी वाट बघतोय रे, तू जिवंतपणी बोलशील म्हणून."

त्याने माझ्याच फोनवरून इस्मेला बोलावले. ती वीस मिनिटांत आली. तिने नेव्हच्या शेजारची खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच पाचवे कलम वाचले. मग कागद खाली ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर धुके विरत होते आणि मला क्षणभर वाटले की दुपार झाली आहे आणि हे खरे नाही.

"कुठाय?" ती म्हणाली.

नेव्हने तिला शेडमध्ये नेले. ताडपत्री काढल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. परत आली तेव्हा तिच्या तळहाताला भुसा लागला होता.

मी तिला सांगितले की हे अजून पक्के नाही, सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. नेव्ह एक, आणि पोस्टातल्या बाईंना बोलवू. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून नेव्हच्या करवती त्याने आजच न्याव्यात.

"पोस्टातली बाई नको. सही मी करते," इस्मे म्हणाली.

"अगं, मग तुला ओंडका मिळणार नाही."

"तू मेल्यावरचं मला काहीही नकोय, मर्व. आत्ता दे."

सबब कलम ४ व ५ मधली देणगी रद्द. पाचव्या कलमातला मजकूर मात्र तसाच ठेवावा. करवती नेव्हच्या गाडीत आहेत. ओंडका त्याने आणि इस्मेने दोन टोकांना धरून तिच्या गाडीत नेला. मला उचलू दिला नाही.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत, सकाळी अकरा वाजता सही करून पक्के करतो.

टूलमारा, १४ ऑगस्ट २०१९

मर्विन जॉर्ज होल्गेट (सही)

साक्षीदार पहिला: नेव्हिल टॅपस्कॉट (सही)

साक्षीदार दुसरी: इस्मे पर्डी (सही)
मी हे सर्व वाचले आहे. श्री. टॅपस्कॉट यांची मी आज माफी मागितली. श्री. होल्गेट यांना अजून माफ केलेले नाही, तरी त्यांनी इतक्यात मरू नये.