पहिलं उत्तर नेहमी खोडावं

१८ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी विद्यार्थी.
आमच्या गावच्या हायस्कुलात यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र शिकवणार. इथे पास झालं की कॉलेजातही ते धरतात. कॉलेजची अट एकच, वर्गात दहा जण हवेत. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात मक्याला तोटा नाही, पण रसायनशास्त्र घेणारी मुलं नऊच निघाली. त्यांत माझी बर्नाडेट. नर्सिंग कॉलेजात आमच्या भागातल्या मुलांसाठी एक जागा राखून ठेवतात, ती तिला हवी आहे. त्यासाठी रसायनशास्त्रात 'ए' लागतो. वर्गच भरला नाही तर 'ए' कुठून आणायचा?
नियम शोधून वाचला. जागा रिकामी असेल तर गावातला कोणीही प्रौढ बसू शकतो. सही ठोकून आलो. सहकारी सोसायटीत सव्वीस वर्षं शेतकऱ्यांना खताचा अमोनिया विकतो आहे. या विषयात मला नवीन ते काय असणार?
बायको डोरीन म्हणाली, लॅव्हर्न, नुसता बस हं. बोलू नकोस.
बर्नाडेटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आनंद मावत नसावा.

२५ ऑगस्ट
शिकवायला मिस ओस्टरमान. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला हिच्या हातात मेणबत्ती मीच दिली होती. तेव्हाही नीट धरत नव्हती.
गुणांची पद्धत तिने समजावली. वर्गाची सरासरी म्हणजे 'सी'. सरासरीच्या जितकं वर जाल तितका ग्रेड वर. हे ऐकताच नऊच्या नऊ पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. कोवळ्या वयाला अनुभवाचा आधार वाटतो.
मी शिकलो ती वस्तीवरची एका खोलीची शाळा. आठ इयत्ता, एक बाई. दरवर्षी इयत्तेत पहिला आलो. इयत्तेत मी एकटाच होतो, पण तो काही माझा दोष नाही.
संकल्प: रोज पहाटे प्रार्थना, मग एक तास अभ्यास.

३ सप्टेंबर
पहाटेचा तास अजून जमलेला नाही. प्रार्थना लांबते. डोळे मिटलेले असले की वेळ कळत नाही.

१२ सप्टेंबर
पहिली परीक्षा. सोपी. अमोनियाचं सूत्र विचारलं होतं, म्हणजे घरचाच प्रश्न. पटकन एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन लिहून टाकलं. मग चिंतन केलं. ज्या वासाने धट्टाकट्टा माणूस आडवा होतो, त्याला तीन हायड्रोजन कसे पुरतील? खोडून चार केले.
माझी पद्धतच ती. पहिलं सुचतं ते उथळ. थांबावं, विचार करावा, खोडावं. पोरं मात्र सुचेल ते लिहून मोकळी होतात.

१६ सप्टेंबर
शंभरात एकोणतीस. मिस ओस्टरमान म्हणाली, मिस्टर कुबिचेक, इतकं खोडता कशाला? कागदाला भोकं पडली आहेत. मी तिला चिंतनाचं महत्त्व सांगितलं. तिने पुढचा पेपर उचलला. तरुण आहे, कळेल हळूहळू.

१८ सप्टेंबर
आज कुपर्टिनोच्या संत जोसेफचा सण. परीक्षेला बसणाऱ्यांचा कैवारी. अभ्यासात बिचारा ढ होता. एकच भाग पक्का यायचा आणि परीक्षकाने नेमका तोच विचारला. संकेत स्पष्ट आहे. मीही एकच धडा पक्का करणार. पुढचं तो बघेल.

२ ऑक्टोबर
दुसरी परीक्षा. दुसराच धडा आला.

८ ऑक्टोबर
लॅब. जोडीदार कोल्टन. मक्यासारखा उंच आणि तेवढाच बोलका. आम्लात थेंबथेंब अल्कली सोडायची आणि फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. फिकट हे काही मला पटेना. करायचं तर ठसठशीत करावं. आमचा रंग बिटाच्या लोणच्यासारखा झाला. कोल्टन म्हणाला, काका, बंद करा हो तो नळ. मग म्हणाला, राहू दे काका, छान आहे, तुम्ही असेच राहा. तेव्हापासून तो माझ्याच शेजारी बसतो.

२१ ऑक्टोबर
तिसरी परीक्षा, चोवीस. बर्नाडेटला ब्याण्णव. मी कधी शिकवलं नाही तरी उचलते पोरगी. रक्तातच आहे.
विचार चालू आहे, कोल्टनला बोललोही. शुक्रवारपर्यंत नाव काढून घेता येतं. दहांची मोजणी होऊन गेली, म्हणजे आता मी उठलो तरी वर्ग बंद पडत नाही. शिवाय मक्याची काढणी आहे, सोसायटीत ट्रकांची रांग लागते. विषय मला झेपत नाही असं नाही. वेळ विषयाला झेपत नाही.

२३ ऑक्टोबर
धक्काच बसला. सोसायटीत ट्रकांच्या वजनकाट्यापाशी उभा होतो, तर कोल्टन आणि आणखी चार पोरं दारात. हातात कोल्टनच्या आजीने केलेल्या जर्दाळूच्या कोलाचींचा, म्हणजे गोड भरल्या पावांचा, खोका. काका, नाव काढू नका, असा हट्टच धरला. तुमच्याशिवाय वर्ग उभा राहणार नाही म्हणाले. एकाच्या डोळ्यांत तर पाणी होतं. (मक्याची धूळही असेल.) कोल्टन म्हणाला, काका, तुम्ही आमचा पाया आहात.
सव्वीस वर्षं अमोनिया विकून कोणी एक कोलाची दिली नव्हती. राहतो म्हटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले, ते वेगळ्या कारणाने.

११ नोव्हेंबर
वर्गात शिरलो की पोरं उभी राहून सलाम करतात. बर्नाडेट बाकावर डोकं टेकवते. वडिलांचा मान बघून तिला संकोच होतो.

२ डिसेंबर
संकल्प: शेवटच्या परीक्षेसाठी जिवाचं रान करायचं. मिस ओस्टरमानकडे शाळा सुटल्यावर खास शिकवणी मागायची. सोसायटीत गुरांचं मीठ न्यायला आलेल्या कोल्टनला हे सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, काका, कशाला त्रास घेता? मी म्हटलं, पाया मजबूत हवा. तो म्हणाला, काका, पाया खालीच असलेला बरा. आणि मग पोरगं खरं बोलून गेलं. खाली बसून मिठाच्या गोणीवर बोटाने आकृती काढली. दहा जणांची सरासरी. माझे चोवीस त्या सरासरीला खाली ओढतात. सरासरी खाली गेली की बाकीचे नऊ जण जागच्या जागी वर. मी उठलो असतो तर त्याचा 'बी' गेला असता.
गोणी त्याच्या गाडीत टाकून दिली. नेहमीपेक्षा जरा जोरात.

३ डिसेंबर
जेवलो नाही. बायकोने विचारलं, वर्गात काही झालं का? म्हटलं, वर्गात काय होणार? ती म्हणाली, बरोबर आहे, तुझ्याबाबतीत नाहीच काही होणार.

७ डिसेंबर
रविवार. प्रवचन त्यागावर होतं. फादर बोलत होते सगळ्यांशी, पण नजर माझ्यावर होती. (मी खांबामागे बसतो, तरीही.) उजेड पडला. मी नापास होत नव्हतो, मी उचलून धरत होतो! नऊ लेकरांना, त्यांत स्वतःच्या लेकीला. परमेश्वराने मला त्यासाठीच तिथे बसवलं.
निर्णय: शेवटच्या परीक्षेत मुद्दाम चुकायचं. शून्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. बर्नाडेटचा 'ए' पक्का. कोणाला सांगायचं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू द्यायचं नाही.
पद्धतही ठरली. चिंतन बंद. डोक्यात पहिला येईल तो उथळ पर्याय लिहायचा आणि हात लावायचा नाही. खोडरबर घरी.

१६ डिसेंबर
परीक्षा दिली. फार जड गेली. पदोपदी खोडायची इच्छा होत होती. अमोनिया पुन्हा विचारला होता. तीन हायड्रोजन लिहिले आणि हात मांडीखाली दाबून बसलो. सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर पडलो. कोल्टनने आदराने बघितलं. बाहेर गाडीत बसून संत जोसेफची माफी मागितली आणि मग थोडा वेळ मन फार शांत होतं.

१९ डिसेंबर
निकाल.
मला एकाहत्तर.
मिस ओस्टरमानने वर्गापुढे माझा हात हातात घेतला. सरासरी चढली, त्यामुळे कोल्टनचा 'बी' गेला. कोणी सलाम केला नाही.
वर्ग रिकामा झाल्यावर मी तिला हळूच विचारलं, बर्नाडेटचं काय झालं? माझ्यामुळे काही... ती हसली. म्हणाली, मिस्टर कुबिचेक, तुम्ही शंभर मिळवले असते तरी तिचा 'ए' हलला नसता. तिला तुमची गरजच नव्हती. मग गडबडून म्हणाली, म्हणजे, वर्ग भरायला होती हो.
मग तिने माझे जुने पेपर एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. खोडलेलं उजेडात दिसतं. पहिल्या पेपरात चाराखाली तीन. तिथून पुढे पानोपानी खाली बरोबर, वर चूक. नुसतं खोडलं नसतं तर 'सी' मिळाला असता म्हणाली. एकट्या शेवटच्या परीक्षेने काय भागणार? एकूण 'एफ'. पहिल्याच परीक्षेला सांगितलं होतं तुम्हाला, खोडू नका, म्हणाली. सांगितलं होतं खरं.
घरी येताना गाडी बर्नाडेट चालवत होती. राहवेना, त्याग सांगून टाकला. तुझ्यासाठी मुद्दाम चुकीचं लिहिलं म्हटलं. तिने गाडी मक्याच्या रिकाम्या शेताकडेला थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. पुष्कळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, बाबा, मुद्दाम चुकायचं तरी बरोबर काय ते माहीत असावं लागतं ना? थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, पण तुम्ही सही केली नसती तर वर्गच झाला नसता. आणि गाडी सुरू केली.

१९ डिसेंबर, जेवणानंतर
जानेवारीत दुसरं सत्र. पुन्हा दहा हवेत. दहावं नाव आजच लागलं, डोरीनचं. ऑगस्टपासून मी झोपलो की ती माझं पुस्तक वाचत होती म्हणे. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की अवघड आहे.
वर्षअखेरीचं चिंतन लिहायला बसलो. पहिलं सुचलं ते असं: मला रसायनशास्त्र येत नाही, आणि माझी मुलगी नर्स होणार.
वाक्य उथळ आहे. पहिला अर्धा भाग तरी खोडायला हवा.
खोडरबर डोरीनच्या दप्तरात आहे.