तडा पहिल्यांदा कधी दिसला

३ जून
संकल्प: दर रविवारी बाबांकडे जायचं. नवी केस आली. प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे डॉक्टर-आर्किटेक्ट मंडळींच्या चुकांचा विमा. आपण विमा कंपनीकडून. एका आर्किटेक्टने बांधलेल्या शाळेची भिंत खचली. पॉलिसीची अट सरळ आहे: शंका आली की लगेच कळवा. उशीर केलात तर भरपाई विसरा.
संध्याकाळी बाबांचा फोन. एकच प्रश्न दोनदा विचारला. वय झालं, चालायचंच.

८ जून, रविवार
जमलं नाही. जबाबाचा मसुदा. पुढच्या रविवारी नक्की.

१७ जून
ताईचा फोन. बाबा पेपर आणायला गेले आणि परत येताना घर चुकले. म्हटलं, तिकडे रस्ता खणलाय, कोणीही चुकेल. ती म्हणाली, एकदा येऊन बघ तरी. म्हटलं, सुनावणी होऊ दे. ताईला राईचा पर्वत करायची लहानपणापासून सवय.

२५ जून
आजचा दिवस आपला! उलटतपासणीत आर्किटेक्टला विचारलं, तडा पहिल्यांदा कधी दिसला? म्हणाला, अचानकच गेला साहेब. मग त्याचीच साइट डायरी त्याला वाचायला लावली. 'बारीक तडा. पुढच्या आठवड्यात बघू.' भिंत खचायच्या चार महिने आधीची! दरदरून घाम फुटला गड्याला. म्हणाला, भीती वाटत होती, म्हणून परत बघायला गेलोच नाही. भीती! पॉलिसीत असं कलम नाही म्हटलं.

२९ जून, रविवार
सोफ्यावरून उठवलं नाही. विजयाचाही थकवा असतो.

९ जुलै
निकाल आपल्या बाजूने. बाबांना सांगायला फोन केला. त्यांनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. ऐकू कमी येतंय हल्ली. कानाचं मशीन घेऊन द्यायचं.

१४ जुलै
ताईने बाबांना आणि मला, दोघांनाही डॉक्टरकडे नेलं. बाई मेंदूच्या डॉक्टर. विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? मी म्हटलं, अचानकच झालं.
घरी येऊन ही वही उघडली. ३ जून. 'एकच प्रश्न दोनदा विचारला.' अक्षर माझंच.
मलाही भीती वाटत होती.

२० जुलै, रविवार
गेलो. बाबांनी खुर्ची पुढे केली, बसा म्हणाले. काय करता, विचारलं. वकील आहे म्हटलं. चेहरा एकदम खुलला. म्हणाले, माझा मुलगाही वकील आहे. फार कामात असतो बिचारा, पण रविवारी येणार आहे.
रडू आवरेना, म्हणून उठलो. दारापर्यंत मागे आले. म्हणाले, थांबा ना थोडं, येईलच तो.