गुलाबी कागदावरचा ‘क’

३ फेब्रुवारी २०२५
खटाक्—धप्! खटाक्—धप्! टोपी बाजारातल्या छापखान्याचं पायानं चालवायचं मशीन. सकाळी दाढी करताना कानात वाजायलाच लागलं. माझा मित्र श्रीपाद तिथे अक्षरांचे खिळे जुळवायचा. शाळा सुटली की मी दारात उभा राहून मोठमोठ्यानं कविता म्हणायचो.
पंचावन्न वर्षं झाली त्याच्याशी बोलून. माझ्या लग्नाला आला नाही, कारणही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. राहतो याच गावात, पडाव भागात!

५ फेब्रुवारी
ट्रंकेत आमच्या लग्नातली मंगलाष्टकं सापडली. गुलाबी कागद, कवीचं नाव नाही. सासऱ्यांनी पाटणकर बाजारातून छापून आणली, असंच आजवर धरून चाललो. पण हा ‘क’ तिथला वाटेना!
राजलक्ष्मी म्हणाली, “बोहल्यावर मला बघायचं सोडून ‘क’ बघत होतात का?”

६ फेब्रुवारी
दिवसभर भिंग. शेजारी पाटणकर बाजारात छापलेली मुंजीची पत्रिका आणि टोपी बाजारातला शाळेचा वार्षिक अंक. अक्षरं वरवर जुळी भावंडं. पण पाटणकर बाजाराचा ‘क’ पोट आत ओढून कवायतीला उभा. टोपी बाजाराचा नुकताच पंगतीतून उठलेला. तिकडच्या ‘र’चा पाय निमुळता होत जातो, इकडचा शेवटपर्यंत जाड, टोकाला सरळ कापलेला. ‘भ’ची गाठ तिकडे भरीव, इकडे पोकळ — सुई ओवून घ्यावी!
नात गरिमा मोबाइलवर मोठं करून बघत होती. “आजोबा, दोन्ही एकदम सेम तर आहेत!” तिला ‘र’चा पाय दाखवला. पाच मिनिटांनी तीच ओरडली, “अरे, ये तो टोपी बाजारवाला आहे!”
म्हणजे श्रीपादनं. आला नाही, आणि हे लिहून-छापून पाठवलं!

७ फेब्रुवारी
मंगलाष्टकं पुन्हा वाचली. इतकं मायेनं लिहिणारा माझ्यावर रुसला होता?
पोस्टकार्ड लिहिलं — “‘क’ ओळखला. ओळखायला उशीर झाला. ये.” राजलक्ष्मी ते स्वतः टाकून आली. म्हणे, “तुमच्या खिशात अजून पंचावन्न वर्षं राहिलं असतं.”

१२ फेब्रुवारी
उत्तर नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो.

१५ फेब्रुवारी
चार वाजता कडी वाजली. धावलोच. श्रीपाद नव्हे — त्याची धाकटी बहीण मंदा! केस पांढरेशुभ्र, हातात माझं पोस्टकार्ड.
“दादा म्हणाला, यात माझं श्रेय नाही, तूच जा. त्यानं खिळे तेवढे जुळवले. मंगलाष्टकं माझी.” मग हसली. “तुमच्यावर रुसलाही माझ्याचसाठी. रुस म्हणून मी सांगितलं नव्हतं हं त्याला! त्याचा डबा घेऊन यायचे ना मी, तेव्हा तुमच्या कविता ऐकत मागे उभी असायचे.”

राजलक्ष्मीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग पुढे होऊन मंदासाठी दाराची दुसरी फळीही उघडली.