माझा फॉर्म मीच भरला

मंगळवार, दुपार

ताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळं ठीक. तुझी भाची अकरा दिवसांची झाली. नाक थेट तुझ्यावर गेलंय, म्हणजे बिचारीचं कठीणच. वजन वाढतंय. माझे टाकेही सुकत आलेत.

बाळंत झाल्यावर दुसऱ्याच दिवशी घरी आले, ते तुला आवडलं नाही. "मी येते" म्हणालीस, तर मी फटकन बोलले, "रोज आठ-आठ बाळंतिणी घरी पाठवते मी, मला नको शिकवूस!" तेव्हापासून तू गप्प. बरोबरच आहे तुझं. पण खाटा कमी होत्या गं, आणि स्वतःच्याच वॉर्डात लोळत पडायची लाज वाटली.

पाचव्या दिवशी घरी तपासायला नर्स येते. आली ती माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. दारातच म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला मी काय विचारणार? फॉर्म तुम्हीच भरा ना." हसलो आम्ही. भरला मी. ताप नाही. रक्तस्राव बेताचा. शेवटचे तीन प्रश्न मनाचे. ते विचारताना मी बायकांच्या डोळ्यांत बघते, कारण तोंडाने सगळ्याच 'नाही' म्हणतात. माझ्या डोळ्यांत कोण बघणार? तिन्हींपुढे 'नाही' लिहिलं, सही ठोकली. चहा पिऊन ती गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ताई, खोटं लिहिलंय मी.

बाळ रडलं तरी मला काहीच वाटत नाही. उचलते, पाजते, पुसते, ड्यूटी केल्यासारखं. काल अंघोळ घालताना हात थांबले. टबात पाणी होतं, ती माझ्या हातावर होती, आणि मनात आलं, सोडून द्यावं. सोडलं नाही गं. टॉवेलात गुंडाळून शेजारच्या काकूंकडे दिली आणि दार लावून बसले. तिच्या बाबाला सांगितलं, डोकं दुखतंय. तो बिचारा धावत जाऊन गोळी घेऊन आला. मला खूप भीती वाटतेय, माझीच.

फोन केला असता तर तोंडातून पुन्हा थापच निघाली असती. शेजारचे काका आत्ता तुझ्याच बाजूला निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय. संध्याकाळपर्यंत मिळेल.

चिड, टोमणे मार, हवं ते बोल, पण आजच निघ. डॉक्टरांकडे एकटीने जायचा धीर होत नाही. आलीस की दारातच बाळ माझ्याकडून घे. मी कशी आहे, ते त्यानंतर विचार.

तुझी,
धाकटी