सील शाबूत

३ सप्टेंबर, सकाळी
पार्सल आलं. क्रिप्टोचं हार्डवेअर वॉलेट. दिसायला पेन ड्राइव्हएवढं, पण बायकोच्या निवृत्तीचे सगळे पैसे यात सुरक्षित राहणार. चार महिन्यांपूर्वी मी ते कॉइनमध्ये घातले, तेव्हापासून मोबाइलच्या ॲपमध्ये उघड्यावर पडले होते. ॲप हॅक होतं, हे होत नाही. कंपनीच्या साइटवर फार महाग. मी एका विक्रेत्याकडून साठ टक्के सूट काढली. सील तपासलं. पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात हयात गेली, सील काय असतं ते मला कोणी शिकवू नये. शाबूत आहे. किंचित तिरकं, म्हणजे माणसाने जपून, हाताने लावलेलं.

मॅन्युअल चाळीस पानी. रविवारी वाचणार.

३ सप्टेंबर, संध्याकाळी
सेटअप झाला. लोक उगाच बाऊ करतात. डब्यात एक कार्ड होतं. नाण्याने खरवडलं तर खाली चोवीस इंग्रजी शब्द छापलेले. हीच खरी किल्ली. मशीन हरवलं, जळलं, तरी हे शब्द ज्याच्याकडे, त्याला पैसे कुठूनही काढता येतात. नेटवर पाहिलं तर लोक बिचारे मशीनच्या स्क्रीनवरून एकेक शब्द हाताने उतरवत बसतात. आपल्याला आयते छापून आले. पिनही छापील होता, तो मी ताबडतोब बदलला. आता विक्रेत्यालासुद्धा उघडता येणार नाही! एकटाच हसलो.

५ सप्टेंबर
प्रयोग म्हणून थोडे पैसे मशीनवर पाठवले. बायकोला सांगितलं, तळमजल्यावरच्या फ्लॅटचे पैसे महिनाअखेरीला इथूनच निघणार. ती म्हणाली, निघाले म्हणजे मिळवलं. हॉस्पिटलच्या वॉर्डात जन्मभर उभं राहून तिचे गुडघे गेलेत. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिने खालच्या घरासाठी पडद्यांचं कापडसुद्धा पसंत करून ठेवलंय. मी म्हटलं, तू डोळे मिटून निर्धास्त राहा.

८ सप्टेंबर
पैसे जागच्या जागी. विक्रेत्याचा मेसेज: सर, काही अडचण नाही ना? पूर्ण रक्कम हलवली की कळवा. आफ्टर-सेल्स सर्व्हिस म्हणतात ती ही. आमच्या कारखान्याच्या सप्लायरांना दाखवायला हवा.

रविवार होऊन गेला. मॅन्युअल राहिलं.

११ सप्टेंबर
मेहुणा आला होता, बायकोचा धाकटा भाऊ. मी मनातल्या मनात त्याला शंकासुर म्हणतो. त्याच्याकडेही असलंच मशीन आहे म्हणे. चहा घेताघेता विचारतो, भावोजी, शब्द मशीनच्या स्क्रीनवरच आले ना? माझे कान टवकारले. शब्दांची चौकशी! मी ताकास तूर लागू दिली नाही. तर म्हणतो, कार्ड बघू जरा. झालं! त्याच्या पुढ्यातला अर्धा कप उचलून मोरीत ओतला. तो गेल्यावर बायको माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

निश्चय: घरात कोणालाही फिरकू द्यायचं नाही. तिच्या माहेरचं तर कोणीच नाही.

१४ सप्टेंबर
कार्ड आधी बुटात ठेवलं, मग पिठाच्या डब्यात. भाकऱ्या करताना बायकोच्या हाती लागलं. आता लोखंडी कपाटात, कुलपात. कपाटावर रोखून कॅमेरा बसवला. दाराला आणखी दोन कड्या. विक्रेत्याचा पुन्हा मेसेज: सर, वाट बघतोय. किती आपुलकी!

१७ सप्टेंबर, संध्याकाळी सात
जिन्यातला दिवा गेलाय. खालून कोणीतरी चढत होतं. थोडं चढायचं, थांबायचं. दर मजल्यावर थांबून जणू अंदाज घेत होतं. माझी पाचावर धारण बसली. बॅडमिंटनची रॅकेट घेऊन दारामागे उभा राहिलो. पावलं आमच्याच दाराशी आली. जोरजोरात श्वास. तिन्ही कड्या काढून रॅकेट उगारली, तर बायको. हातात भाजीची पिशवी. म्हणाली, मारा एकदाचं, गुडघ्यांची कटकट तरी संपेल.

तरीही जिन्यावर पाळत हवीच.

२० सप्टेंबर
सगळी रक्कम हलवली. तिच्या सगळ्या नाइट ड्यूट्या आता माझ्या मुठीत मावतात. विक्रेत्याला शब्द दिला होता, म्हणून कळवलं. तत्काळ उत्तर: आभारी आहोत सर. पुढे हात जोडल्याचं चित्र.

मशीनही कपाटात टाकलं. आता शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

२१ सप्टेंबर
वॉलेटच्या ॲपवरून पहाटेच नोटिफिकेशन, इंग्रजीत, काहीतरी बाहेर गेल्याचं. असल्या फसव्या मेसेजना मी बधत नाही. न उघडता डिलीट.

विक्रेत्याला सहज फोन केला. नंबर बंद. बिचारा कामात असेल.

२५ सप्टेंबर
कुलूप शाबूत. कड्या शाबूत. रोज डोळ्यात तेल घालून कॅमेरा बघतोय. मेहुण्याचा फोन आला, उचलला नाही. बायको खुशीत आहे. खालच्या घरी एक झोपाळा टांगू म्हणते.

२९ सप्टेंबर, दुपारी
उद्या पैसे द्यायचे म्हणून मशीन जोडलं. शून्य. केबल बदलली. शून्य. मशीन टेबलावर हलकेच आपटून पाहिलं. शून्य.

२९ सप्टेंबर, पुन्हा
कॅमेऱ्याचं सगळं फुटेज पाहिलं. कपाटाशी येणारा एकच इसम. बनियनवर, चोरासारखा इकडेतिकडे बघत. मीच.

मॅन्युअल उघडलं. पान दोन, चौकटीत, ठळक अक्षरात: शब्द आधीच छापून आले असतील तर ते दुसऱ्या कोणाकडे आहेत असं समजा. मशीन वापरू नका. पान दोन. चाळीस वाचायची गरजच नव्हती.

मेहुण्याला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, आता सुनावेल. एवढंच म्हणाला, ताईला सांगितलंत का?

२९ सप्टेंबर, संध्याकाळ
ती खालच्या घरी पडद्यांची मापं घ्यायला गेली होती. आता जिन्यात तिची पावलं येताहेत. पहिला मजला. थांबली. मला रडू येतंय, खोटं कशाला लिहू. दुसरा मजला. श्वास इथपर्यंत ऐकू येतोय. तिसरा. इथे ती नेहमीच जास्त थांबते. थांबू दे.

दाराला तीन कड्या आहेत. काढायला उठायला हवं. उठवत नाही.