‘मे आय हॅव’ म्हटल्याशिवाय भडंग नाही

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. कशावरून भांडू, तेच मात्र समजेना. जयसिंगपूरच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला तुम्ही टेबलावर भडंगाचा डबा उघडून बसायचात. ‘मे आय हॅव सम, प्लीज’ असं नीट म्हणेल त्याच्याच हातावर मूठभर भडंग. एकदा मी ‘गिव्ह मी भडंग’ म्हटलं, तर तुम्ही डबा धाडकन बंद केलात. “हुकूम सोडतीस व्हय गं? नीट माग की!” सगळा वर्ग हसतोय आणि मी रडतेय.

आता मी मंगळवार पेठेत इंग्रजीचा क्लास घेते. डबा ठेवते, नियमही तोच. गेल्या आठवड्यात माझ्या गडहिंग्लजच्या विद्यार्थिनीची मुलाखत होती, जहाजावरच्या हॉटेलात वाढपाच्या नोकरीसाठी. माझ्याच टेबलावर, लॅपटॉपसमोर. पलीकडचा अमेरिकन साहेब गिऱ्हाईक झाला आणि म्हणाला, ‘कॅन आय गेट द चिकन, टू गो?’, म्हणजे चिकन पार्सल द्या. पोरगी शांतपणे म्हणते, ‘सर, फर्स्ट से, मे आय हॅव.’ अगं आई गं! तो हसला, मला वाटलं निभावलं. संध्याकाळी नकार आला.

तेव्हापासून डोकं नुसतं भंजाळलंय. अमेरिकेत म्हणे असंच मागतात, कुणी उद्धट म्हणत नाही. लंडनला गेलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी सांगते, तिथं ‘कुड आय हॅव’ म्हणायचं, आणि घरी न्यायचं ते ‘टेकअवे’. आपलं पार्सल तिथं फक्त पोस्टानं येतं. आपण रश्श्याला ग्रेव्ही म्हणतो, त्यांची ग्रेव्ही म्हणजे भाजलेल्या मटणावर ओतायचं तपकिरी काहीतरी. मग खरं कुठलं हो? तुमचं चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही, बरोबर म्हणावं तर पोरीची नोकरी गेली. परदेश तुम्ही पाहिला नव्हता, मीही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

काल ती आली. डोळे भरलेले. “मॅडम, माझंच चुकलं. तुमचं नाव घालवलं की मी.” मला म्हणायचं होतं, अगं, गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायचं नसतं, एवढं साधं मीच तुला शिकवलं नाही. तोंडातून निघालं भलतंच. “असू दे, पुढच्या वेळी लक्ष ठेव.”

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर लिहवतंय. तिनं माझी माफी मागितली, बाई, आणि मी ती घेतली.